ट्रॅव्हल ट्रेलरच्या मागे सायकलींचा रॅक: भार बंपरवर नको, चॅसीवर न्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २४ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, आहे. दोन मोठ्यांच्या आणि दोन मुलांच्या सायकली घेऊन इंडियानाहून मिशिगनच्या मॅकिनॅक बेटाकडे जायचं आहे. मागच्या चौकोनी बंपरला नटबोल्टने आवळायचा तयार रिसीव्हर, म्हणजे रॅकचा दांडा ज्यात बसतो तो चौकोनी पाइप, दुकानात मिळतो. तो लावावा, की घरच्या छोट्या १२० व्होल्टच्या वेल्डिंग मशीनने बंपरलाच रिसीव्हर डकवावा, हे तुम्हाला ठरवायचं आहे.

दोन्ही करू नका. घरी बनवायला माझी अजिबात हरकत नाही, उलट नीट बनवलेला माउंट दुकानातल्या बऱ्याच गोष्टींपेक्षा चांगला होतो. फक्त त्याचा भार बंपरवर न येता चॅसीच्या दोन लांब रेलवर गेला पाहिजे. मी फॅब्रिकेशन शिकलो कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत आणि गेली बरीच वर्षं इंडियानातल्या एल्कहार्टच्या आसपास ट्रेलर दुरुस्तीचं काम करतो. अमेरिकेतले बहुतेक आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाड्या आणि ट्रेलर, याच पट्ट्यात बनतात, त्यामुळे बंपर तुटलेले ट्रेलर आमच्याकडे नेहमी येतात. त्यातला पाइप फाटलेला मी फार क्वचित पाहिला. तुटतो तो सांधा.

पुढच्या वेळी ट्रेलरखाली वाकाल तेव्हा बॅटरी घेऊन बंपरच्या दोन्ही टोकांकडे बघा. ४ इंची चौकोनी पाइप, पत्रा जेमतेम एक सूत, पुष्कळदा त्याहूनही पातळ. (सूत म्हणजे १/८ इंच. इथल्या इंचांच्या मापात आपलं सूत अगदी चपखल बसतं, म्हणून पुढेही तेच वापरतो.) हा पाइप रेलच्या टोकाला वेल्डच्या दोन-तीन तुटक टाक्यांवर जोडलेला दिसेल. कारखान्यात त्याचं काम सांडपाण्याचा नळ आत ठेवायचा आणि फार तर स्टेपनी पेलायची, एवढंच धरलेलं असतं. बऱ्याच कंपन्या मॅन्युअलमध्ये बंपरवर सायकल रॅक लावू नका असं स्पष्ट लिहितात, काही वजनाची मर्यादा देतात. तुमच्या मॅन्युअलमधलं ते पान आधी वाचा. वॉरंटी चालू असेल तर चॅसीला भोक पाडण्याआधी कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

सायकली मागे टांगल्या की त्यांचं वजन बंपरच्या बाहेर दीड-दोन फुटांवर असतं. ते बंपरला नुसतं खाली दाबत नाही, पिळतं. चौकोनी बंद पाइप पीळ चांगला सोसतो, पण तो पीळ अखेर टोकांच्या तुटक टाक्यांवर येऊन थांबतो. एकेक खड्डा लागतो तसा टाक्याच्या कडेला रंग तडकतो, तिथून गंजाची केसाएवढी तांबूस रेघ उतरते, आणि मग एखाद्या दिवशी हायवेवर तो टाका सुटतो. ती तांबूस रेघ दिसली की त्या बंपरवर काहीही टांगायचं नाही, स्टेपनीसुद्धा नाही. सुटलेल्या चार सायकली मागून येणाऱ्या माणसाच्या काचेवर जातात, ही गोष्ट मी कुणाशीही हलक्यात बोलत नाही.

आवळायचा रिसीव्हर म्हणूनच नको. तो भार त्याच टाक्यांवर टाकतो, वर पातळ पत्रा चेपतो. बंपरपासून रेलपर्यंत आधाराच्या पट्ट्या लावून काही जण काम चालवतात. बंपर सुटलाच तर तो रस्त्यावर पडू नये म्हणून त्या पट्ट्या ठीक आहेत, पण त्यांच्या भरवशावर वजन वाढवू नये. शिडीला लटकवायचे रॅक येतात, त्यांचा तर विचारच सोडा. शिडी मागच्या भिंतीत स्क्रूवर उभी असते आणि ते स्क्रू ढिले झाले की भिंतीत पाणी शिरतं.

आता धातू कापण्याआधीचं काम, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: वजनाचा हिशेब. बैलगाडीत मागे जास्त ओझं भरलं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. ट्रेलरचं तंतोतंत तेच आहे. हिच बॉलवर (गाडीमागचा गोळा, ज्यावर ट्रेलरचं नाक बसतं) येणारं वजन, म्हणजे टंग वेट, भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं लागतं. १० च्या खाली गेलं की वेग वाढल्यावर किंवा शेजारून मोठा ट्रक गेल्यावर ट्रेलर डोलायला लागतो, आणि एकदा जोरात डोलू लागलेला ट्रेलर सावरणं फार कठीण.

तुमच्यासारख्या ट्रेलरसाठी आकडे मांडतो. तुम्ही स्वतः मोजून यात तुमचे घाला. बॉलपासून दोन्ही अॅक्सलच्या मधोमध १५ फूट, तिथून बंपरपर्यंत ९ फूट. भरलेला ट्रेलर ५,००० पाउंड, टंग वेट ६००, म्हणजे १२ टक्के. छान. आता चार सायकली आणि रॅक मिळून १६० पाउंड धरा. त्यांचा मध्य बंपरच्या २ फूट मागे, म्हणजे अॅक्सलच्या ११ फूट मागे. टंग वेट घटतं १६० गुणिले ११ भागिले १५, म्हणजे ११७ पाउंड. मी पुढे सांगतो त्या माउंटचं लोखंड साधारण १०० पाउंड होतं, अॅक्सलच्या सरासरी पावणेआठ फूट मागे. त्याचे आणखी ५२ गेले. उरले ४३१. एकूण वजन झालं ५,२६०. टक्केवारी ८.२. म्हणजे रॅक कितीही मजबूत केला तरी गाडी उलाळच.

यावर उपाय सामान हलवण्याचा आहे. मागच्या कपाटातले डबे, पाण्याच्या बाटल्या, कास्ट आयर्नची भांडी असं १०० पाउंड सामान अॅक्सलच्या ६ फूट मागून उचलून पुढच्या आरपार कप्प्यात, अॅक्सलच्या १० फूट पुढे ठेवलं, की टंग वेट १०७ ने वाढतं आणि टक्केवारी १०.२ वर येते. बंपरवरची ५० पाउंडांची स्टेपनी काढून अॅक्सलच्या जरा पुढे फरशीखाली टांगली की आणखी ३८ मिळतात आणि आपण ११ टक्क्यांच्या घरात पोचतो. स्टेपनी अगदी नाकावर न बसवता अॅक्सलजवळ आणायची याला कारण आहे. ट्रेलरच्या दोन्ही टोकांना वजन ठेवलं तर तराजू जुळतो, पण हललेला ट्रेलर थांबायला जास्त वेळ घेतो. जड वस्तू मध्याजवळ असतील तितकं बरं.

गोड्या पाण्याची टाकी कुठे आहे तेही बघा. गॅलनला ८.३ पाउंड असतात. टाकी अॅक्सलच्या मागे असेल तर ती भरून हायवेवर जाऊ नका, मुक्कामी पोचून भरा.

टंग वेट घरी मोजता येतं. बाथरूमचा वजनकाटा आणि एक भक्कम लाकडी तुळई लागते. तुळईचं एक टोक विटेवरच्या पाइपवर, दुसरं काट्यावरच्या पाइपवर, दोन्ही पाइपांमध्ये ३ फूट. ट्रेलरचा जॅक विटेपासून १ फुटावर टेकवा. काटा जे दाखवेल त्याची तिप्पट म्हणजे टंग वेट. तुळईचं स्वतःचं वजन आधी वजा करा, चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा. ज्यांना हा खटाटोप नको त्यांनी महामार्गावरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलवर, म्हणजे ट्रकच्या वजनकाट्यावर, जावं. सायकली चढवून मोजायचं, रिकामं मोजून मग गणित करत बसायचं नाही.

हे जमलं, म्हणजे तुमचा ट्रेलर मागचं ओझं घेऊ शकतो, तर पुढे वाचा. नाही जमलं तर पुढच्या नाकावर, गॅस सिलिंडरच्या वर बसणाऱ्या रॅककडे वळा. त्याबद्दल शेवटी सांगतो.

ट्रेलरची शेपटी गाडीच्या मागच्या भागापेक्षा किती तरी जास्त उसळते. लीफ स्प्रिंगा, शॉक अॅब्सॉर्बर बहुधा नाहीत, आणि अॅक्सलमागे ९ फूट लांब शेपटी. म्हणून मी स्थिर वजनाच्या तिप्पट धरून डिझाइन करतो: १६० ऐवजी ४८०. रॅक विकत घेतानाही तो ट्रेलरमागे वापरायला चालतो असं उत्पादकाने लिहून दिलेलाच घ्या. गाडीमागे चार सायकलींचा असलेला रॅक ट्रेलरमागे दोनच सायकलींचा, किंवा अजिबात चालणार नाही असं असू शकतं. चाकं तळातून धरणारा, सायकली उभ्या ठेवणारा प्लॅटफॉर्म रॅक निवडा. वरच्या दांड्याला सायकली लटकवणारा प्रकार ट्रेलरमागे इतका झुलतो की सायकलींच्या फ्रेमच एकमेकींना घासून खराब होतात.

आता माउंट. रेलच्या मध्ये दोन आडवे पाइप बसवायचे: एक बंपरच्या ६ इंच पुढे, दुसरा त्याच्याही २४ इंच पुढे. रिसीव्हरचा लांब पाइप या दोन्हींच्या खालून जाऊन बंपरखालून मागे डोकावतो. दोन पाइप का, एकच जाड का नाही? एकच असेल तर सायकलींचा सगळा पीळ त्याच्या टोकांतून रेलमध्ये जातो आणि परत बंपरचीच गोष्ट सुरू होते. दोन असले की पीळ उरत नाही. मागचा पाइप रिसीव्हरला खाली जाऊ देत नाही, पुढचा त्याचं दुसरं टोक वर उचलू देत नाही.

आकडे बघा. ४८० पाउंड मागच्या आडव्या पाइपपासून ३० इंचांवर. पुढचा पाइप २४ इंचांवर. पुढे वर दाबणारा जोर ४८० गुणिले ३० भागिले २४, म्हणजे ६००. मागच्या पाइपवर खाली १,०८०. रेलमध्ये ७० इंच अंतर धरलं तर मागच्या पाइपच्या मध्यावर १८,९०० इंच-पाउंडांचा वाक येतो. ३ बाय ३ इंची, दीड सुती चौकोनी पाइपमध्ये त्याने साधारण १०,००० पीएसआय (चौरस इंचाला पाउंड) ताण येतो. इथे मिळणाऱ्या ए-५०० ग्रेड बी पाइपची क्षमता ४६,००० आहे. म्हणजे भरपूर जागा आहे, आणि ती हवीच, कारण वेल्डजवळचं लोखंड एका मोठ्या झटक्याने तुटत नाही, लाखो छोट्या हिसक्यांनी थकतं. हाच पाइप २ बाय २ चा एक सुती घेतला असता तर ताण ३४,००० च्या वर गेला असता. बघायला तोही मजबूतच दिसतो. पुढच्या पाइपला एवढं नको, ३ बाय २ चा एक सुती, ३ इंची बाजू उभी ठेवून, पुरतो.

रिसीव्हरसाठी अडीच इंची, दोन सुती पाइप, आतून २ इंच. सव्वा इंची रिसीव्हर ट्रेलरमागे नको. पिनचं भोक ५/८ इंची. रिसीव्हरचा पाइप म्हणून विकला जातो तोच घ्या, त्यात आतली वेल्डची शिवण काढलेली असते. साध्या पाइपमध्ये ती शिवण उरते आणि रॅकचा दांडा आत जात नाही.

रेलकडे येऊ, कारण इथे चांगले वेल्डरही चुकतात. ट्रेलरची रेल म्हणजे आय आकाराची तुळई, पण इमारतीत असते तशी जाडजूड नाही. वरखालच्या पट्ट्या बऱ्यापैकी, मधली उभी पट्टी पातळ. अॅक्सलच्या मागची शेपटी ही एका टोकाला धरलेली तुळई असल्यामुळे तिथे वरची पट्टी ताणली जाते आणि खालची दाबली जाते, आणि शेपटी उसळली की उलट. म्हणून दोन्हींपैकी एकीलाही भोक पाडायचं नाही, आणि पट्टीच्या आडवा वेल्ड तर मुळीच मारायचा नाही. आडवा टाका म्हणजे तुटायची रेघ आपण आखून देणं. भोकं पाडायची ती मधल्या उभ्या पट्टीत, उंचीच्या मध्याजवळ. बऱ्याच ट्रेलरची रेल मागे निमुळती होत जाते. तुमची तशी असेल तर पाइपांच्या जागा थोड्या पुढे घ्या.

आडव्या पाइपच्या प्रत्येक टोकाला दोन सुती प्लेट वेल्ड करा, साधारण ६ इंच लांब आणि रेलच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये मोकळी बसेल एवढी उंच. ती रेलच्या उभ्या पट्टीला आतून टेकेल. बाहेरून तेवढीच दीड सुती प्लेट. दोन्हींच्या मध्ये रेलचा पातळ पत्रा दाबला जाईल आणि चार सुती, म्हणजे १/२ इंची, चार ग्रेड ५ बोल्ट आरपार. डोक्यावर तीन रेघा असतात ते ग्रेड ५, सहा असतात ते ग्रेड ८. ग्रेड ५ इथे पुरेसे आहेत. टॉर्क कोरड्या आट्याला ७५ फूट-पाउंड, नायलॉनचे लॉकनट, आणि आवळून झाल्यावर नट व प्लेटवर मिळून रंगाची एक सरळ रेघ. नट हलला की रेघ तुटलेली दिसते.

पाइप आत घालायचा कसा, हा प्रश्न कागदावर येत नाही, पण ट्रेलरखाली झोपल्यावर पहिला येतो. रेलच्या उभ्या पट्टीपासून उभ्या पट्टीपर्यंत तुमचं माप असतं आणि खालच्या पट्ट्या दोन्हीकडून इंच-सव्वा इंच आत आलेल्या असतात. सरळ वर उचलला तर पाइप त्यांना अडतो. तो तिरका धरून वर घ्यायचा आणि मग फिरवून काटकोनात आणायचा. प्लेटचे कोपरे फिरताना अडकतात, म्हणून प्लेटांसकट एकूण लांबी मापापेक्षा तीन सूत कमी ठेवा आणि उरलेली फट शिमने, म्हणजे पत्र्याच्या पातळ पट्ट्यांनी, भरा. फट तशीच ठेवून बोल्ट आवळू नका. रेलचा पत्रा आत ओढला जाऊन कायमचा वाकेल.

रिसीव्हरही आडव्या पाइपांना जागेवर वेल्ड करू नका. दोन्ही आडव्या पाइपांच्या तळाला ६ बाय ६ ची तीन सुती प्लेट, तशाच दोन प्लेटा रिसीव्हरच्या पाठीवर, आणि प्रत्येक जोडीला चार सुती चार बोल्ट. मागच्या जोडीवर रिसीव्हर खाली लटकतो, म्हणजे बोल्ट ताणले जातात; वाईटात वाईट वेळी एकेका बोल्टवर २७० पाउंड, किरकोळ आहे. पण प्लेट आणि पाइपचा वेल्ड तिथे उचकटला जाऊ नये म्हणून प्लेटच्या खालून रिसीव्हरच्या दोन्ही बाजूंना गसेट, म्हणजे आधाराच्या त्रिकोणी प्लेटा, द्या. गसेटचं टोक अणकुचीदार ठेवू नका, छाटा. अणकुचीदार टोकावर वेल्ड संपला की तडा तिथूनच सुरू होतो.

अशी सगळी बोल्टची जोडणी ठेवण्यामागे आणखी एक मोठं कारण आहे. ट्रेलरला वेल्डिंगचा चटका एकदाही लागत नाही. फरशीखाली प्लॅस्टिकचा पडदा, फोम, लाकूड, वायरी, कधी गॅसची नळी असते. एक ठिणगी आत शिरून तासाभराने पेट घेते, तेव्हा तुम्ही जेवायला बसलेले असता. कुणाला चॅसीवर वेल्ड करायलाच लागलं, तर बॅटरी सोडवायची, गाडीची सात पिनांची वायर काढायची, पडदा उघडायचा, पाण्याची नळी हाताशी ठेवायची आणि काम संपल्यावर किमान तासभर तिथून हलायचं नाही.

तुमच्या मशीनबद्दल. १२० व्होल्टचं मिग (तारेचं वेल्डिंग मशीन) एक सुती पत्रा चांगला जोडतं, दीड सुतीपर्यंत ओढूनताणून जातं. दोन आणि तीन सुती प्लेटला ते वरवर सुंदर मणी टाकतं, आत शिरत नाही. असा थंड वेल्ड डोळ्यांनी ओळखू येत नाही, म्हणून जास्त घातक. म्हणून मी सुचवतो ते असं: कापणं, घासणं, भोकं, जुळवणी आणि टाके तुम्ही घरी करा, सगळं ट्रेलरला बोल्टने लावून बघा, बसलं की उतरवा आणि पक्का वेल्ड २२० व्होल्टच्या मशीनवाल्या दुकानातून करून घ्या. तयार जुळवलेल्या कामाचा तासा-दोन तासांचा खर्च येतो. पाइपवरचा काळा पापुद्रा ग्राइंडरने चकचकीत होईपर्यंत काढा. जस्त चढवलेलं लोखंड वापरलंत तर वेल्डच्या जागचं जस्त आधी घासून काढा आणि उघड्यावर काम करा, त्या धुराने ताप भरतो. शेवटी जस्ताचा प्रायमर आणि रंग, पण रिसीव्हरच्या आत जाड थर नको. आडव्या पाइपच्या तळाला पाणी निथळायला दोन बारीक भोकं टोकांजवळ ठेवा, मध्यावर नाही.

सुरुवात करण्याआधी ट्रेलरखाली जाऊन एवढं नक्की बघा: पुढच्या आडव्या पाइपच्या जागी मैल्याची टाकी किंवा तिचा पाइप येतो का, आणि मागचे स्टॅबिलायझर जॅक (उभा ट्रेलर हलू नये म्हणून खाली टेकवायचे पाय) रेलच्या कुठे बसले आहेत. टाकी आडवी आली तर दोन पाइपांमधलं अंतर २४ वरून १८ वर आणता येतं. पुढचा जोर ६०० चा ८०० होतो आणि मागचा १,०८० चा १,२८०, तरी वरच्या मापांत बसतं. १८ च्या खाली मी जात नाही.

जमिनीपासूनची उंचीही आत्ताच मोजा. रॅकची शेपटी अॅक्सलच्या १२ फूट मागे आणि जमिनीपासून १८ इंच असेल, तर आठास एक एवढ्याच चढाला ती टेकते. पेट्रोल पंपाच्या कडेला असे चढ सर्रास असतात. त्यासाठी रिसीव्हरमध्ये वर उचलणारा जोडदांडा घालण्याचा मोह टाळा, त्याने लांबी आणि खुळखुळ दोन्ही वाढतात. रॅकच वरच्या वळणाचा घ्या.

सगळं बसलं की लगेच सायकली चढवू नका. आधी रॅकवर ३२० पाउंडांच्या वाळूच्या गोण्या ठेवा, सायकली आणि रॅकच्या दुप्पट. ठेवण्याआधी रिसीव्हरच्या तोंडाची जमिनीपासूनची उंची मोजा, गोण्या रात्रभर राहू द्या, उतरवल्यावर परत मोजा. ट्रेलर पुढे जॅकवर आणि मागे स्टॅबिलायझरवर टेकलेला असू द्या, नाहीतर स्प्रिंगांचं दबणं तुम्ही माउंटचं समजाल. माप परत जागेवर आलं पाहिजे. सूतभरही खाली राहिलं तर काहीतरी सरकलं किंवा वाकलं आहे. ते सापडल्याशिवाय रस्त्यावर जायचं नाही. मग २०-३० मैलांचा फेरा, थांबून रंगाच्या रेघा बघायच्या, आणि प्रवासात दर पेट्रोलच्या थांब्याला रेघा, पिन आणि वेल्डच्या कडा. मिशिगनमध्ये हिवाळ्यानंतर रस्ते फुगून फुटलेले असतात, तुम्ही जूनमध्ये गेलात तरी सगळे बुजवलेले नसतील.

रिसीव्हर आणि रॅकच्या दांड्यातली खुळखुळ यू-बोल्टच्या आवळपट्टीने मारा. प्रत्येक सायकलचं पुढचं चाक हँडल फिरणार नाही असं बांधा. शिवाय एक रॅचेट पट्टा सायकलींवरून थेट रिसीव्हरच्या साखळीच्या कड्यांना, म्हणजे रॅक तुटला तरी काही रस्त्यावर पडणार नाही. मागचे दिवे आणि नंबर प्लेट झाकले जात असतील तर रॅकच्या मागे दिव्यांची पट्टी लावा. चार सायकलींच्या गर्दीत ते झाकले जातातच. मागे किती बाहेर आलेलं चालतं याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत, तुमच्या वाटेवरच्या राज्यांचे बघून घ्या.

ई-बाइक असतील तर वरचं सगळं गणित बदलतं. एकेक ५० ते ७० पाउंडांची असते. दोन ई-बाइक आणि त्यांना पेलणारा रॅक मिळून तुमच्या चार साध्या सायकली आणि रॅकएवढे होतात. बॅटऱ्या काढून गाडीत ठेवा, वजनही कमी होतं आणि पाऊसही लागत नाही.

पुढच्या नाकावरचा रॅक. तो तिकोनी फ्रेमला जोडतो आणि सायकली सिलिंडरच्या वर उभ्या राहतात. तिथली चॅसी भक्कम, उसळी कमी, आणि सायकली ड्रायव्हरला आरशात दिसतात. तेच १६० पाउंड बॉलपासून २ फूट मागे असतील तर टंग वेट १३९ ने वाढतं: ६०० चे ७३९. ट्रेलरला ते चालतं, पण ओढणाऱ्या गाडीला चालतं का हे तिच्या हिचवरच्या आणि दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत बघा. मध्यम एसयूव्हीची मर्यादा पुष्कळदा ५०० च्या आसपासच असते, मग हा मार्ग बंद. पिकअप असेल तर मी आधी हाच विचार करीन. अट एकच, तीव्र वळण घेऊन मागे येताना सायकलींचं हँडल टेलगेटला लागतं का ते रिकाम्या मैदानात, बाहेर एक माणूस उभा करून तपासा. सिलिंडरचा कॉक आणि बॅटरी यांच्यापर्यंत हात पोचला पाहिजे.

सायकलींवर ताडपत्रीचं कव्हर घालावं का, हे तुम्ही शेवटी विचारलं आहे. चालत्या ट्रेलरवर घालू नका. ते वाऱ्याने फुगतं, रॅकला मागे खेचतं, फडफडून रंग खरवडतं आणि दिवेही झाकतं. चेन आणि गिअरवर प्रवासाआधी जरा जास्त तेल सोडा, सीटवर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधा. बेटावर १८९८ पासून मोटारींना बंदी आहे आणि कडेने सुमारे ८ मैलांचा किनारी रस्ता आहे, त्यामुळे मुलांना तिथे निर्धास्त सोडता येईल. मॅकिनॉ सिटीत बेटाच्या फेरीबोटीवर सायकली चढवण्याआधी चेन पुसून परत तेल द्या आणि ब्रेक एकदा दाबून बघा; एवढ्या लांब उसळत आल्यावर ब्रेकच्या तारा सैल झालेल्या असतात.